अर्धा इंच कमी

"शर्ट काढ," एवढंच अभयकुमार म्हणाला होता. जळगावच्या त्या धर्मार्थ दवाखान्यात रोज साठ-सत्तर माणसं त्याच्यासमोर शर्ट काढत, आणि शर्ट काढलेला माणूस कसा उभा राहतो हे तो डोळे मिटून सांगू शकला असता: खांदे पाडलेले, एक हात उगाच बनियनशी चाळा करतोय, आणि तोंडावर चोरी सापडल्याचा भाव. हा माणूस तसा उभा राहिला नाही. त्याने टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, नजर समोरच्या भिंतीवर खिळवली, भरपूर श्वास घेऊन छाती फुगवली आणि तसाच थांबला. अभयकुमारच्या हातातली नळी अर्ध्या वाटेवर राहिली. केसपेपरावर कंपाउंडर निंबाने लिहिलं होतं: हिलाल, वय एकोणतीस, मुक्काम असोदा, केळीचे घड वाहताना दम लागतो. छाती फुगवण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"अरे, श्वास सोड."

"आधी मोजा ना साहेब," तो दातांमधूनच म्हणाला, कारण तोंड उघडलं असतं तर हवा गेली असती. "आते भरस. दखा तुम्ही."

"इथं कोण मोजतंय? हा दवाखाना आहे."

मग मात्र हवा गेली, आणि हवेच्या पाठोपाठ खोकला आला. खोकल्यातून सावरत हिलाल हसला. "वळखं नही तुम्हीन माले. धुळे. भरती. तुम्हीन माले बाद करं व्हतं." त्याच्या बोलण्यात राग असा नव्हता. लग्नात कधी तरी भेटलेल्या लांबच्या पाहुण्याला आठवण करून द्यावी, तसं तो सांगत होता. अभयकुमारला तो आठवला नाही. धुळ्याच्या त्या आठ दिवसांत त्याने हजारभर तरी पोरं उघडी पाहिली होती, आणि उघडी पोरं एकमेकांसारखीच दिसतात. त्याने मान हलवली, बरं बरं म्हणाला, आणि नळी छातीला लावली. मग जे व्हायचं ते झालं. चेहरा विसरलेल्या डॉक्टरला कान विसरू देत नव्हता.

काळजाचे दोन ठोके पडतात आणि मध्ये शांतता असते. हिलालच्या त्या शांततेत घरघर होती, खालच्या पट्टीतली, दमाने चाललेली. लहानपणी मामांकडे भुसावळला उशीवर कान ठेवला की खूप लांबून मालगाडीचा असा आवाज यायचा. कानापेक्षा तो उशीलाच जास्त कळायचा. धुळ्याला, एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात, शाळेच्या एका वर्गात, फळ्यावर आधी कुणी तरी लिहिलेलं त्रैराशिक तसंच असताना, एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीत त्याने हीच मालगाडी ऐकली होती. तेव्हा ती लांब होती. आता ती फलाटात शिरली होती. त्याने नळी काढली नाही. नळी कानात असली की समोरच्याकडे बघावं लागत नाही आणि बोलावंही लागत नाही. डॉक्टरी धंद्यातली ही एक सोय त्याला फार आवडत असे.

मारवाडी जैनाचा मुलगा फौजेत गेला म्हणून त्या काळी जळगावात बरीच चर्चा झाली होती. चीनची लढाई होऊन गेली होती, डॉक्टर हवे होते, आणि नव्या पास झालेल्या अभयकुमारच्या अंगात देशप्रेम आणि घरच्या कापडदुकानाचा कंटाळा असं दोन्ही सारख्या प्रमाणात होतं. आई सुगनबाई परवानगी मागायला जैन मुनी महाराजसाहेबांकडे गेली. महाराजसाहेबांनी बराच विचार करून सांगितलं, की माणसाला बरं करणं पुण्य; पण बरं करून पुन्हा लढायला पाठवणं, याचा विचार करावा लागेल. तो विचार अजून चालू आहे. मुलगा मात्र गेला, मेसमध्ये चार वर्षं बटाटासुद्धा न खाता राहिला, आणि कॅप्टन होऊन परत आला. गावाने त्याला परस्पर मेजर केलं. फौजेत आल्यावर आपण घरीच आलो आहोत असं त्याला वाटलं होतं, हे त्याने कुणाला कधी सांगितलं नाही. केव्हा खायचं, काय खायचं नाही, काय झाकायचं, काय उकळायचं, कुणी कुणाला काय विचारायचं नाही, हे सगळं दोन्हीकडे आधीच ठरलेलं होतं. ठरलेलं असलं की माणसाला बरं वाटतं. आपण चांगले आहोत की नाही हे रोज नव्याने तपासावं लागत नाही.

भरतीचाही नियम होता. डॉक्टरने फक्त पास किंवा नापास म्हणायचं. उपचार करायचा नाही, कारण उमेदवार अजून फौजेचा नाही, आणि फौजेचा नसलेल्या माणसाचं काळीज ही फौजेची बाब नाही. त्यातही नापास करण्याचे प्रकार होते. वजन कमी, उंची कमी, छाती कमी म्हटलं तर यादीत एक फुली पुरायची. काळजात दोष म्हटलं की तीन फॉर्म, वरच्या डॉक्टरचा शेरा, आणि उमेदवाराला मोठ्या मिलिटरी इस्पितळात पाठवायची व्यवस्था. पहिल्याच दिवशी कर्नलसाहेबांनी त्याला मायेने सांगितलं होतं, "कॅप्टन, ज्याला घ्यायचंच नाही त्याची छाती अर्धा इंच कमी असते. पोराला वाईट वाटत नाही, आणि आपला कागद वाचतो." हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, म्हणून तर सगळे ते पाळत. हिलालची छाती फुगवून पावणेचौतीस भरली होती. लागत होती तेहतीस. अभयकुमारने नळी लावली, मालगाडी ऐकली, पुन्हा ऐकली, आणि टेप गुंडाळत म्हणाला, "साडेबत्तीस. अर्धा इंच कमी." चहा आला होता. चहा आला होता हेच त्याला इतकी वर्षं नीट आठवत होतं. एखाद्या मोठ्या कारणासाठी खोटं बोललो असतो तर आज त्या कारणाच्या आड बसता आलं असतं. चहाच्या आड किती बसणार?

"काय ऐकू येस साहेब एवढं?" हिलालने विचारलं. "नळी काढतच नही तुम्ही."

"बस. शर्ट घाल."

हिलाल बसला, पण शर्ट घालेना. त्याला सांगायचं होतं. भरतीतून घरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने जोर काढायला घेतले. आधी वीस, मग पन्नास, मग शंभर. अर्धा इंच म्हणजे काय हो, अर्धा इंच म्हणजे काहीच नाही, पुढच्या भरतीला भरून काढू. पुढच्या भरतीला वेळेवर पोचला नाही, त्याच्या पुढच्या वेळी वय उलटलं. तोवर लग्न झालं होतं. सासऱ्याला मुलगा नाही, म्हणून असोद्याला घरजावई झाला. "तठे बठ्ठा गावले माहीत व्हयनं. माले नावच पडनं, अर्धा इंच. आरे अर्धा इंच, घड उचल. आरे अर्धा इंच, तंबाखू शे का? सासू बी म्हनस. तोंडवर नही, पन म्हनस." म्हणून त्याने जोर सोडले नव्हते. दहा वर्षं झाली. आता तीस-चाळीस झाले की डोळ्यापुढे काळोख यायचा, छातीत धडधडायचं, पण थांबला की लोक म्हणणार, म्हणून थांबत नव्हता. "आते दम लागस. पन छाती भरनी ना साहेब? टेप लावा तरी."

अभयकुमारने ते सगळं मान खाली घालून ऐकलं. त्याने पोराला घरी पाठवलं, एवढ्यावर ते थांबलं असतं तर बरं होतं. पण त्याने त्याला औषध दिलं होतं. अर्धा इंच हे त्याचंच औषध. ज्या काळजाला जपायचं त्या काळजाला रोज शंभर जोर, दहा वर्षं, न चुकता. एवढ्या निष्ठेने त्याचं औषध दुसऱ्या कुठल्या पेशंटने घेतलं नव्हतं. तेव्हा खरं सांगून महिन्याला एक पेनिसिलिनची सुई लावून दिली असती, तर मालगाडी बहुधा होती तिथंच उभी राहिली असती. धुळ्याच्या बाजारात सुई मिळत होती. फौजेची बाब नव्हती, एवढंच.

आणि आज ती इथं मिळत नव्हती. हिलाल ज्या भिंतीवर नजर लावून उभा राहिला होता त्या भिंतीवर संस्थेच्या नियमांची पाटी होती. सूर्यास्तानंतर औषध मिळणार नाही. प्राणिज औषधं वापरली जाणार नाहीत. तिसरी ओळ नंतर, वेगळ्या रंगात लिहिलेली होती. ती अभयकुमारच्या डोळ्यांदेखत जन्मली होती. तीन वर्षांपूर्वीच्या सभेत विश्वस्त लखीचंदशेठ यांनी विचारलं होतं, "डॉक्टरसाब, हे पेनिसिलिन निघतं कशातून?"

"एका बुरशीतून, शेठजी."

"बुरशी? म्हणजे अनंतकाय झालं. सुईच्या टोकावर अनंत जीव. आणि तुम्ही तर आख्खी सुई भरून टोचता!"

"पण शेठजी, एखादा पेशंट दगावला तर?"

"पेशंट एक. ते अनंत," शेठजी म्हणाले, आणि पेनिसिलिन बंदची ओळ पाटीवर चढली. लखीचंदशेठ ढोंगी असते तर काम सोपं झालं असतं. त्याच वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा पंधरा दिवस तापाने फणफणत पडून राहिले, पण सुई घेतली नाही, आणि बरे झाले ते केवळ नियमाला खोटं पाडायचं नाही म्हणून. अभयकुमारच्या मुलीचा घसा मात्र त्याच पावसाळ्यात सुजला, तेव्हा त्याने तिला एका मित्राच्या दवाखान्यात नेऊन गुपचूप पेनिसिलिन टोचून आणलं. शेठजी नियम स्वतःवर पाळत होते. तो दुसऱ्यांवर पाळत होता. मटण खाणारी, बोंबील खाणारी, देवाला कोंबडं कापणारी माणसं खेड्यांतून यायची, आणि तो त्यांना अनंत जीवांच्या वतीने गोळ्यांच्या पुड्या बांधून द्यायचा. कुणी बरं झालं नाही तर पाटी होतीच. पाटीकडे त्याने रोज पाहिलं होतं. आज तिच्याकडे पाहताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सांगायचं नसतं तर आत्ताही सोपं होतं. पांढऱ्या गोळ्या द्यायच्या, जोर बंद कर म्हणायचं, वय झालं म्हणायचं. हिलालने ऐकलंही असतं. त्याने याआधीही ऐकलं होतं.

"हिलाल, तुझी छाती भरत होती."

"कवय?"

"तेव्हाच. धुळ्याला. पाऊण इंच जास्तच होती."

शर्टाच्या बटणावरचा हिलालचा हात थांबला. "मंग?"

"तुझ्या काळजाची एक झडप आकसलीये. तेव्हा थोडी होती, आता जास्त आहे. तेव्हाच मला ऐकू आलं होतं."

"तुमले ऐकू उनं व्हतं."

"हो."

"आनि सांगं नही."

"नाही."

आता तो 'का?' असं विचारील, म्हणून अभयकुमारने मनात नियम, फॉर्म, कर्नल असे सगळे रांगेत उभे केले. चहाला मागे ठेवलं. हिलालने 'का?' असं विचारलंच नाही. तो शर्टाची उरलेली बटणं लावू लागला. बाहेर निंबा कुणावर तरी खेकसत होता, "अक्का, बाटली घरून आणायची असते!" शेवटचं बटण लावून हिलालने वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. त्या उजेडाची अभयकुमारला भीती वाटली.

"पाऊण इंच जास्त?"

"हो. पण माझं ऐक—"

"लिखी द्या साहेब. कागदवर. शिक्का मारीसन."

दाखले विश्वस्तांच्या सहीशिवाय द्यायचे नाहीत, असाही एक नियम होता. अभयकुमारने कागद ओढला आणि लिहिलं, की श्री. हिलाल यांची छाती सन १९६३ मध्ये धुळे येथे फुगवून पावणेचौतीस इंच, म्हणजे आवश्यकतेपेक्षा पाऊण इंच जास्त भरली होती. असा दाखला वैद्यकशास्त्रात याआधी कुणी दिला नसावा. त्याने सही केली, शिक्का मारला. मग दुसरा कागद घेतला; मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झडप मोकळी करायचं ऑपरेशन होत होतं, तिथल्या ओळखीच्या सर्जनला त्याने चिठ्ठी लिहिली. तोपर्यंत महिन्याला सुई, जोर बंद, घड वाहणं बंद. हिलालने पहिला कागद चारपाच वेळा वाचून घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्याला हात लावला नाही.

"हाऊ नको."

"अरे, हाच खरा कागद आहे. हा नेला नाहीस तर दोन वर्षं... हिलाल, जीवाचा खेळ आहे."

"घरजावई शे मी साहेब. काळीज खराब शे समजनं, का सासरा काय म्हनी? फुटेल मडकं गळामा बांधं म्हनी. पोर शे माले. तिनं लगन कोन करी?" तो उठला. वाकून त्याने चक्क नमस्कार केला. "तुम्हीन दहा वरीस कोनले सांगं नही. आते बी नका सांगू."

तो गेला, आणि अभयकुमार टेबलाशी बसून राहिला. शिवी दिली असती तर तो ती घेऊन घरी गेला असता, चार दिवस सांभाळली असती. हे नमस्कारासकट आलं होतं, आणि परत करता येत नव्हतं. पुढचा पेशंट आत येऊन बसला, त्याने जीभ बाहेर काढली. त्या जिभेकडे अभयकुमार पाहत राहिला, आणि मग उठून, उकळलेली सिरिंज स्टीलच्या डबीत घालून, भर दवाखान्याच्या वेळेत बाहेर पडला. निंबा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, शेठजी अकराला यायचेत." अभयकुमार बरं म्हणाला. स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात त्याने पेनिसिलिनची कुपी मागितली तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला, की दुकानदाराने भलतीच वस्तू समजून ती कागदात गुंडाळून टेबलाखालून दिली.

असोद्याची एसटी निघायच्या बेतात होती. तो चढला, आणि मागच्या बाकावरून हिलाल ओरडला, "या, या साहेब! आरे सरका रे, डाक्टरसाहेब ऊनात!" तिथं आधीच कागद फिरत होता. टोपल्या, पिशव्या, दोन कोंबड्या यांच्यावरून हातोहात गेलेला तो कागद एका पोक्त बाईच्या मांडीवर पडला होता. हिलालने ओळख करून दिली, की ही कमलबाई, सासूची मावसबहीण. आणि हे ते साहेब, ज्यांनी मोजलं होतं. "वाचा साहेब. यासले खरं वाटत नही."

अभयकुमारने वाचलं. गाडी हलत होती, वरच्या दांडीला धरून उभ्याने वाचलं, सन आणि पाऊण इंचासकट. कुणी तरी शिट्टी मारली. एकजण म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आपणच अर्धा इंच कमी!" सगळे हसले. कमलबाई मात्र हसली नाही.

"पन मी म्हन्ते भाऊ," ती म्हणाली, "छाती भरेल व्हती, त तवा पोराले हाकललं कावून?"

गाडी एकदम शांत झाली असं काही नाही. इंजिनाचा गोंगाट होताच. पण हिलालने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात धाक नव्हता, विनवणी होती, आणि विनवणी करणारा माणूस आपल्यापेक्षा किती उंच दिसू शकतो ते अभयकुमारने पाहिलं. आता खरं बोलावं तर ते याच्या घरावर पडणार, आणि खोटं बोलावं तर ते पुन्हा आपलंच, ओळखीचं, गुळगुळीत झालेलं खोटं. फरक एवढाच होता, की या खेपेला ते त्याच्या स्वतःच्या अंगावर पडणार होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला टेप वाचता आली नाही."

गाडी फुटली हसून. "घ्या! एवढा मेजर, अन् टेप वाचता येत नाही!" "अहो, कापडदुकानवाल्याचा मुलगा ना हा?" "तरीच यांच्या दुकानातला वार कमी भरतो!" कंडक्टरने त्याला तिकीट देताना विचारलं, की आकडा दिसतोय ना. अभयकुमार दिसतोय म्हणाला. तोंड गरम झालं होतं, पण जी लाज पोटात होती ती त्याने जराही कमी झाली नाही. ही वरवरची, घामासारखी निघून जाणारी होती. उलट हसणाऱ्यांना आपण थोडक्यात फसवलं असं त्याला वाटत राहिलं.

असोद्याला उतरल्यावर माणसं पांगली. हिलाल चार पावलं पुढे चालत होता, मग थांबला, आणि मागे न बघता म्हणाला, "सुई लई ऊनात का?"

"आणलीये. दर महिन्याला आणीन."

"घर नको. मळामा चाला."

केळीच्या बागेत, बाहेरून कुणाला दिसणार नाही इतकं आत शिरल्यावर, अभयकुमारने आधी कातडीवर थेंबभर टोचून पाहिलं, थांबला, आणि मग सुई दिली. केळीच्या खोडाला धरून हिलाल उभा होता. त्याने हूं की चूं केलं नाही. अनंत जीव आत गेले. "मुंबईचं?" अभयकुमारने विचारलं. हिलाल म्हणाला, "दखू. केळी उतरनी का दखू." ते हो नव्हतं, पण नकोही नव्हतं. सुईनंतर अर्धा तास थांबावं लागतं, काही झालं तर जवळ डॉक्टर असावा लागतो, असं अभयकुमारने सांगितलं. मग दोघे पाटाच्या कडेला बसले. पानांची फडफड होत होती. दवाखान्यात एव्हाना लखीचंदशेठ आले असतील, रिकामी खुर्ची पाहिली असेल. त्यांना मात्र खरं सांगायचं होतं, कुपीसकट.

"साहेब," हिलाल म्हणाला. तो पाटातल्या पाण्याकडे बघत होता. "मन्हासारखा आनखी कितला व्हतात?"

"कुणासारखे?"

"ज्यासले तुम्हीन अर्धा इंच सांगा."

अभयकुमारने तोंड उघडलं. एक होता नंदुरबारकडचा, त्याच्या बरगड्यांखाली हाताला पानथरी, सुजलेली प्लीहा, लागली होती. एकाच्या छातीत वरच्या बाजूला करकर होती, बहुतेक क्षयाची; तो शिरपूरचा होता, की साक्रीचा? एकाने उलट विचारलं होतं, खरंच का साहेब? त्याच्या कपाळावर गोंदण होतं. नाव एकाचंही आठवेना.

"मला नक्की... दहा वर्षं झाली रे, हिलाल."

"आठवा," हिलाल म्हणाला, आणि थोडं सरकून त्याला सावलीत जागा करून दिली. "अर्धा तास शे ना आपलाकडे."